इसार म्हणून ठेवलेला माणूस

तेल कंपनीने मला फसवले. तिची माणसे मी बंदुकांच्या वेढ्यातून सुखरूप बाहेर काढून दिली. बदल्यात तिच्या हेलिकॉप्टरने माझा एक जखमी जवान न्यायचा होता. तिने नेला नाही. जवान मेला. सौदा मी केला होता, म्हणून सांगायचे कामही माझेच आहे.

टोकियोच्या एदोगावा भागातल्या आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे काम कुलकर्णी वहिनी बघतात. पोहे घ्यायला माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "काका, सैन्यातलं काहीतरी लिहा ना. मुलांना प्रेरणा मिळेल असं."

"प्रेरणा नाही मिळणार वहिनी. राग मिळेल."

"मग थोडा बेताने घाला. मिठासारखा."

बेताने घालायचा प्रयत्न करतो.

माझे वडील गुरांच्या बाजारात दलाल होते. मी शाळेपेक्षा बाजारात जास्त शिकलो. बैलाचे दात बघून वय सांगणे, रुमालाखाली बोटे दाबून भाव करणे, समोरचा गप्प बसला की आपणही गप्प बसणे. पुढे फौजेत शिपाई म्हणून भरती झालो आणि सुभेदार होऊन बाहेर पडलो. पेन्शननंतर मेहुण्याच्या हॉटेलात कामाला म्हणून जपानला आलो. आज स्टेशनजवळ माझे स्वतःचे दुकान आहे. कुणाची मेहेरबानी नाही. मंडळातली शिकलेली पोरे मागून मला "भांडकुदळ काका" म्हणतात, तेही मला माहीत आहे. डाळ मात्र माझ्याकडूनच नेतात.

सर्व्हिसच्या शेवटच्या वर्षांत आमची बटालियन संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आफ्रिकेत गेली. देशाचे नाव लिहीत नाही. इथे जपानमध्ये मोठा भूकंप आणि त्सुनामी झाली, त्याच वर्षी जन्मलेला तो देश. राजधानीत जपानी सैन्याचे इंजिनिअर रस्ते बांधत होते. बटालियनमधली आमची कंपनी तिथून लांब, तेलाच्या विहिरींच्या पट्ट्यात होती. मी एका प्लाटूनसह त्या कंपनीच्याही पुढच्या पोस्टवर होतो. मातीचा बांध, काटेरी तार, चार बुरूज, एक बीएमपी चिलखती गाडी, एक अँब्युलन्स, पाण्याची टाकी. पहाटे आणि संध्याकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यारे घेऊन मोर्चावर सज्ज. दिवसा गस्त. शुक्रवारी खिचडी.

तिथले लोक गुरे पाळणारे. शिंगे हातभर लांब, पांढरीशुभ्र जनावरे. लग्न, भांडण, समेट, सगळे गाईंवर ठरते. माझ्यासारख्याला ते घरचेच वाटले. त्या भागात एक कमांडर होता. आधी तो नव्या सरकारच्या फौजेत होता, नंतर फुटला. तो एकदा पोस्टच्या गेटवर आला, तेव्हा त्याच्या माणसांसोबत एक बैल होता. मी बैलाचा जबडा उघडून वय सांगितले. कमांडर इतका हसला की त्याचा अंगरक्षकही हसला. तेव्हापासून तो मला "गुरांचा बाप" म्हणे.

पोस्टपासून काही मैलांवर चिनी तेल कंपनीचा कॅम्प आणि तिची कच्ची धावपट्टी होती. चीनचे तिथले वागणे मला गावच्या एका म्हाताऱ्याने समजावले. तो म्हणाला, "आम्ही बंडखोर होतो तेव्हा यांनी उत्तरेच्या सरकारला शस्त्रे विकली. माझा भाऊ ज्या तोफगोळ्याने मेला, त्याच्या पेटीवर यांची अक्षरे होती. आम्ही स्वतंत्र झालो, तेल आमच्या बाजूला आले. आता आमच्या दवाखान्याच्या पाटीवर तीच अक्षरे आहेत. वर लिहिले आहे, जुने मित्र."

"मग दवाखान्यात जाता की नाही?" मी विचारले.

"जातो की. पाय दुखतो."

कंपनीचा मॅनेजर महिन्यातून एकदा पोस्टवर येई. पन्नाशीचा, टापटीप, हळू बोलणारा माणूस. सोबत लिन नावाची तरुण दुभाषी मुलगी असे. मॅनेजर चहा घेताना एकच गोष्ट सांगे. आमचा देश कुणाच्या कारभारात ढवळाढवळ करत नाही. आम्हीही एकेकाळी गरीब होतो, गोऱ्यांनी आम्हालाही लुटले. म्हणून नव्या देशांना आम्ही अटी घालत नाही. आम्ही रस्ता देतो, दवाखाना देतो आणि तेल घेतो. लिन हे सगळे इंग्रजीत इतक्या सफाईने सांगे की वाटे, तिला ते पाठच आहे.

मग सरकार आणि फुटलेले यांच्यात लढाई पेटली. तीन दिवसांत आमच्या पोस्टच्या बांधाआड आसपासच्या गावांतली शेकडो माणसे येऊन बसली. बाया, म्हातारे, शेरडे. चहूबाजूंनी कमांडरची माणसे. पाणी मोजून वाटायचे. बाहेर पडायचे नाही. बाहेरून कुणी येऊ शकत नव्हते. शांतिसेनेच्या मिशनचे हेलिकॉप्टर दुसऱ्या एका पोस्टवर उतरताना त्याला गोळी लागली होती, म्हणून सगळी उड्डाणे बंद झाली होती.

चौथ्या दिवशी गेटवरून लोक आत पळत असताना बाहेर मॉर्टरचा एक गोळा पडला. गेटवर नाईक लहू मोरे होता. एका म्हातारीला आत ढकलताना त्याच्या पोटात छर्रा गेला. नर्सिंग असिस्टंटने पट्टी बांधली आणि मला बाजूला घेतले.

"साहेब, आत रक्त जातंय. मला हे इथे थांबवता येणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत सर्जन पाहिजे."

"नाही मिळाला तर?"

तो परत लहूपाशी जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर माझ्याकडे आला. लढाई पेटली तेव्हाच कॅम्प सोडून तो लिन आणि आपले बारा इंजिनिअर घेऊन आमच्याच आसऱ्याला आला होता. कंपनीचे भाड्याचे हेलिकॉप्टर शेजारच्या देशातून यायला तयार होते, पण पोस्टवर उतरायला नाही. फक्त त्यांच्या धावपट्टीवर. धावपट्टी आणि पोस्ट यांच्यामध्ये कमांडरची माणसे होती. मॅनेजरला रस्ता हवा होता. मला हेलिकॉप्टर हवे होते. बाजार भरला.

मी निःशस्त्र कमांडरकडे गेलो. त्याने बसायला खाट दिली.

"तेलवाल्यांना जाऊ दे," मी म्हणालो. "सोबत माझा एक जखमी."

"गुरांच्या बापा, तेलवाल्यांना मी कशाला अडवू? जाऊ देत. विहिरी माझ्या हातात आल्या की हेच लोक मला भेटायला येतील. माझ्या बापाच्या वेळेपासून बघतोय." मग त्याने आभाळाकडे बोट केले. "सूर्य मावळेपर्यंत. एकदा जायचे, एकदा यायचे. परत मागू नकोस. गावातला एक जरी माणूस गाडीत दिसला, तर मी कुणाला ओळखत नाही."

माझ्याकडे देण्यासारखे एवढेच होते, हा एक रस्ता. तो मी मॅनेजरसाठी वापरणार होतो. म्हणून परत येऊन मॅनेजरला सांगितले, "पहिल्या फेरीत माझा जवान."

लिनने सांगितले आणि त्याने नकाराची मान हलवली. "पहिल्या फेरीत गणवेशातला माणूस नको. लढणारे बघत असतील. आम्ही कुणा एका बाजूचे दिसता कामा नये. पहिल्या फेरीत इंजिनिअर. हेलिकॉप्टर त्यांना सीमेपलीकडे सोडेल, इंधन घेईल आणि लगेच परत येईल. दोन तासांचे काम. दुसऱ्या फेरीत तुमचा जवान."

"गणवेश काढतो त्याचा."

"त्याचा चेहरा भारतीय आहे, सुभेदार. मशीन आधीच भरलेले आहे."

गुरांच्या बाजारात जनावर आधी द्यायचे आणि उरलेले नंतर घ्यायचे असेल, तर इसार, म्हणजे आगाऊ ठेव, घेतात. इसार घेतलेला सौदा कुणी मोडत नाही. मोडला तर पुढच्या बाजारात त्याच्या रुमालाखाली कुणी हात घालत नाही. मी मॅनेजरला म्हणालो, "तुम्ही थांबा. दुसरी फेरी येईपर्यंत तुम्ही माझ्याजवळ. माझ्या जवानासोबत तुम्हीही जाल."

लिन सांगताना अडखळली. मॅनेजरने तिच्याकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले, आणि हात पुढे केला.

"ठीक आहे. मी थांबतो."

मी हात घट्ट धरला. पोस्टमधल्या जवानांसमोर धरला.

आम्ही निघालो. पुढे बीएमपी, मध्ये कंपनीच्या दोन गाड्या, मागे अँब्युलन्स. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमांडरची माणसे उकिडवी बसली होती. कुणी हात केला नाही, कुणी बंदूकही उचलली नाही. धावपट्टीवर एक पत्र्याची शेड होती. तिच्या सावलीत लहूचे स्ट्रेचर ठेवले.

हेलिकॉप्टरचा आवाज आला तेव्हा लहूने डोळे उघडले.

"साहेब, हे आपल्यासाठी आलंय?"

"पुढचं आपलं. हे तेलवाल्यांचं."

"म्हणजे आपली लालपरी मागून येतीय."

"हां. मागून."

इंजिनिअर चढू लागले. मॅनेजरने आपली बॅग माझ्या पायाशी ठेवली. मला बरे वाटले. मग त्याच्या कमरेचा सॅटेलाइट फोन वाजला. तो चार पावले बाजूला गेला. फोनवर तो फारसे बोललाच नाही, ऐकत होता. लिन त्याच्या शेजारी होती. फोन ठेवून त्याने मला खूण केली की पायलटला दुसऱ्या फेरीचे सांगून येतो. पंख्याच्या वाऱ्यात वाकून तो दाराशी गेला. लिन मागे होती. आतून कुणीतरी तिला दंड धरून ओढले. मग तो चढला. दार सरकले.

हवालदार खोत बीएमपीवर होता. तो ओरडला, "साहेब, इसार चालला!"

मी वायरलेस सेट घेतला. "चार्ली फॉर चार्ली टू. हेलिकॉप्टर सिव्हिलियन घेऊन निघतंय. आमचा माणूस घेतलेला नाही. थांबवण्याची परवानगी हवी. ओव्हर."

मागच्या मुख्यालयातून आमच्या मेजर साहेबांचा आवाज आला. "चार्ली टू, कसं थांबवणार? ओव्हर."

"समोर बीएमपी लावतो. ओव्हर."

"निगेटिव्ह. आय से अगेन, निगेटिव्ह. नो फोर्स. यूएनची निळी टोपी आहे आपली. दुसरी फेरी येईल. वेट. आउट."

मी थांबलो. खोत माझ्याकडे बघत होता. मशीन उचलले गेले, लाल धूळ उडाली आणि खाली बसली. बॅग तिथेच राहिली.

दोन तास गेले. मी वर बघत होतो. मग आणखी तास गेला. शेडचा पत्रा तापून कडकड वाजत होता. आम्ही सगळे त्या पट्टीएवढ्या सावलीत दाटीने बसलो. उठून कुठे जायला जागा नव्हती. पुढे जायला रस्ता नव्हता, मागे जायचा रस्ता एकदाच वापरायचा होता. मागे गेलो तर सर्जन नाही. थांबलो तर सूर्य उतरतोय. कमांडरची माणसे गवताच्या कडेला येऊन बसली होती. त्यातला एक मधूनमधून आभाळाकडे बोट करून हसे.

मी मेजर साहेबांना पाच वेळा विचारले. ते मिशनला विचारत. मिशन तेल कंपनीच्या राजधानीतल्या ऑफिसला विचारत असे. उत्तर एकच येई, "विनंती कळवली आहे."

लहू पाणी मागत होता. नर्सिंग असिस्टंटने द्यायचे नाही म्हणून सांगितले होते. ओठ ओले करत होतो.

"साहेब, तुम्ही भाव नीट केला का?" त्याने विचारले. तो चेष्टा करत होता. प्लाटूनमध्ये सगळे माझी अशीच चेष्टा करायचे.

"केला रे."

"मग येईल."

थोड्या वेळाने म्हणाला, "आईला सांगू नका पोटात लागलं म्हणून. पायात सांगा."

सूर्य झाडांच्या शेंड्याला टेकायच्या आधी तो गेला. मी टोपी काढली. खोत बॅगेपाशी गेला, तिला एक लाथ मारली, आणि परत येऊन स्ट्रेचर उचलले. आम्ही उजेड असतानाच पोस्टवर पोहोचलो. कमांडर रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याने स्ट्रेचरकडे पाहिले आणि आपली माणसे उठवून उभी केली. त्याने ते का केले मला माहीत नाही.

वेढा पुढे बरेच दिवस चालला. तो उठेपर्यंत विहिरी कमांडरच्या हातात गेल्या होत्या. कंपनीची माणसे परत आली, आणि आधी कमांडरला भेटली. त्यानंतर काही काळाने चीनने स्वतःची हत्यारबंद बटालियन शांतिसेनेत पाठवली. ढवळाढवळ न करणाऱ्यांचे जवान बंदुका घेऊन उभे राहिले. त्यांच्यातलेही काही तिथे कामी आले. त्यांच्याशी माझे भांडण नाही. शिपाई कुठलाही असो, त्याला पाठवलेले असते.

मिशनने लहूच्या बाबतीत कळवले की हवा खराब असल्याने हवाई मदत पोहोचू शकली नाही. हेच त्याच्या घरी सांगितले गेले.

आता योकोहामाची गोष्ट.

दुकानासाठी आले आणि लसूण मी योकोहामाच्या एका आयातदाराकडून घेतो. गेल्या वर्षी त्यांच्या गोदामात भाव करायला गेलो. त्यांनी नवीन माणूस पाठवला होता. नीट कपडे केलेली, तिशी ओलांडलेली बाई. जपानीत भाव सांगत होती. मी सवयीप्रमाणे गप्प बसलो. ती पण गप्प बसली. मग माझ्याकडे बघता बघता तिचा चेहरा उतरला. आवाज मी आधीच ओळखला होता.

"लिन-सान," मी म्हणालो.

"खालच्या मजल्यावर माल बघू या," ती घाईने म्हणाली आणि लिफ्टचे बटण दाबले. मीही आत शिरलो. दोन मजल्यांच्या मध्ये जमीन हलली. फार नाही, इथे नेहमी हलते तशीच. पण हलले की इथल्या लिफ्ट आपोआप थांबतात. थांबली. स्पीकरवरून बाईचा आवाज आला की घाबरू नका, तंत्रज्ञ येत आहे, परिसरातल्या सगळ्या लिफ्ट तपासायच्या असल्याने वेळ लागेल.

लिफ्टमध्ये आधीच ठेवलेल्या लसणाच्या दोन पेट्या, ती आणि मी.

"मला वाटलं, तुम्ही मला मारणार," ती थोड्या वेळाने इंग्रजीत म्हणाली.

"बाईमाणसावर हात उचलत नाही मी. बोल."

"काय बोलू?"

"फोनवर काय होतं?"

ती पेटीवर बसली. "ते थांबणार होते. खरंच थांबणार होते. त्यांनी बॅग खाली ठेवली होती ना?"

"ठेवली होती."

"फोनवर सांगितलं, आजपासून आपण दोन्ही बाजूंशी बोलणार. विहिरी कुणाकडे जातील सांगता येत नाही. शांतिसेनेच्या जवानांसोबत, त्यांच्या गाड्यांसोबत कुणी दिसू नका. सगळे निघा. दुसरी फेरी रद्द."

"सकाळी तर ती ठरली होती."

"सकाळी धोरण वेगळं होतं."

मी लिफ्टच्या भिंतीवर मूठ मारली. स्पीकरवरच्या बाईने विचारले, काही त्रास होतोय का. लिनने तिला नम्रपणे सांगितले की सगळे ठीक आहे.

"फोन कुणाचा होता?"

ती पेटीवरची पट्टी नखाने सोलू लागली.

"आवाज ओळखतेस?"

"ओळखते."

"नाव सांग. लसूण तू म्हणशील त्या भावाने घेतो. वर्षभर घेतो."

ती हसली, मग हसणे थांबले. "सुभेदार-सान, माझे आईवडील तिकडे आहेत. मी त्या कंपनीतून निघाले, तेवढंच मला जमलं. मॅनेजर परत गेल्यावर तीन वेळा म्हणाले की हेलिकॉप्टर पाठवा, त्या जवानाला आणा. मग म्हणायचे बंद झाले. त्यांना बढती मिळाली."

"आणि तो जवान?"

"तो..." ती थांबली. "मला कधी कुणी सांगितलं नाही."

मी सांगितले.  तंत्रज्ञ आला, दार उघडले, तो वाकून वाकून माफी मागत होता. माझ्याकडे आजवर या प्रकरणात माफी मागणारा तेवढाच एक माणूस, आणि त्याने फक्त लिफ्ट दुरुस्त केली होती.

नावासाठी मी लिनला पुन्हा छेडले नाही. ती अडकलेली आहे, हे मला दिसत होते. अडकलेल्या माणसाशी सौदा करत नाहीत.

नाईक लहू मोरे. गावच्या कबड्डी संघाचा कोपरारक्षक. प्लाटूनचे केस तोच कापायचा आणि प्रत्येकाला सारखेच वाईट कापायचा. गेटवर ज्या म्हातारीला त्याने आत ढकलले, ती जगली. आमची बटालियन परत निघाली, त्या दिवशी ती गाडीपाशी आली आणि खोतच्या हातात शेरडाचे एक करडू देऊन गेली. ते विमानात नेता आले नाही. तिथेच सोडले.

मी लहूच्या घरी गेलो होतो. आईने एवढेच विचारले की यंत्र का आले नाही. मिशनचे उत्तर मी तिला दिले. तेव्हा माझ्याकडे दुसरे नव्हते. तिने आभाळाकडे बघून मान हलवली. अजूनही गावात ढग आले की ती दारात येऊन उभी राहते, असे तिचा धाकटा सांगतो.

मिशनमध्ये ज्याने हवेचे कारण लिहिले, त्याला मी विचारतो. त्या दिवशी धावपट्टीवर बसून मी आभाळ पाहिले आहे. तुम्ही कोणते पाहिले?

आणि ज्याने तो फोन केला, त्याला विचारतो. हे मराठीत आहे, कुणाकडून तरी वाचून घ्या, दुभाष्यांची तुम्हाला कमी नाही. तुमचे धोरण सकाळी काय होते, दुपारी काय झाले आणि उद्या कुठल्या देशात काय होणार आहे, ते मला नको. तुमचे तेल नको, तुमचा दवाखाना नको. तुम्ही स्वतः, स्वतःच्या नावानिशी, लहूच्या आईसमोर उभे राहा आणि तिला सांगा की हवा चांगली होती.